कार्यानुभवाचा तास

आमच्याकडे १९९८ सालची एक मारुती ओम्नी आहे. पांढरी. म्हणजे एके काळी पांढरी होती. २००३ मध्ये भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून मी ती एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतली. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि नंतर दर पाच वर्षांनी. त्याप्रमाणे २०१३, २०१८ आणि २०२३ अशा तीन परीक्षा ती पास झाली. आता पुढची २०२८ ला. तोवर आम्हा दोघांपैकी कोण जास्त तंदुरुस्त राहील, यावर घरात पैजा लागलेल्या आहेत!

ज्यांनी ही गाडी चालवली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १९८४ मध्ये ही बाजारात आली तेव्हा तिला नुसतं 'मारुती व्हॅन' म्हणत. पुढे 'ओम्नी' झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तिला पुढे नाक नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं. कोंबडी अंड्यांवर बसते तसा चालक इंजिनावर बसतो. वैशाखात याचा अर्थ नीट कळतो. सीट उचलली, झाकण काढलं की इंजिनाचा वरचा भाग समोर येतो. पण जे खाली आणि बाजूला दडलेलं आहे, तिथे हात जाता जात नाही. आजची गोष्ट तिथलीच आहे.

गेल्या वर्षीच्या आषाढीच्या आधीचा आठवडा. आमच्या हिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची तपासणी होती, म्हणून शहरात गेलो होतो. (माझ्या पिढीच्या तोंडात अजून औरंगाबाद येतं, २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे.) परतताना नगर नाक्यावरच पाऊस सुरू झाला. दिवे लावले, वायपर लावला. छावणी मागे पडली तशी वायपरची चाल मंदावली. गोलवाडीजवळ दिव्यांचा उजेड कंदिलासारखा पिवळा झाला. समोरच्या पट्टीवर बॅटरीचा लाल दिवा मिणमिणत होता. आणि आमच्या पंढरपूरच्या अलीकडे (हे आमचं छोटं पंढरपूर, वाळूजच्या वाटेवरचं) इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं.

शेजारून ट्रक जात होते. आमचे मागचे दिवेही विझलेले. हिच्या एका डोळ्यावर काळा चष्मा, दुसऱ्याला आधीच कमी दिसतं. ती फक्त म्हणाली, "अहो, आपण त्यांना दिसतोय का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीतून सुटलेल्या दोन पोरांनी मोटारसायकल थांबवून गाडी कडेला ढकलली, मोबाइलचे दिवे धरून उभे राहिले आणि रिक्षा करून दिली. त्यांची नावंसुद्धा विचारायची राहिली.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, आता ती भंगारात द्या." रागावून नाही, काळजीनेच म्हणाला. पण मला झोंबलं. कारण भंगार हा शब्द गाडीला लावताना तो माझ्या गाडी चालवण्याबद्दलही बोलत होता, हे मला कळत होतं.

हा प्रकार पहिल्यांदा घडला नव्हता. मार्चमध्ये गाडी सुरू होईना म्हणून एका वर्कशॉपने नवी बॅटरी बसवून दिली. मे महिन्यात पुन्हा तेच. त्यांनी बॅटरी बदलून दिली आणि सांगितलं, "सध्या बॅटऱ्याच चांगल्या येत नाहीत." आता तिसरी वेळ. तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. नाव लिहिलेलं त्याला आवडणार नाही.

बजाजनगरात त्याचं गॅरेज होतं. २००३ पासून वीस वर्षं ही गाडी त्यानेच सांभाळली. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. वाचा मात्र शाबूत राहिली. गॅरेज बंद झालं.

फोनवर तो म्हणाला, "सर, घरात मल्टिमीटर आहे का?" नव्हता. दुसऱ्या दिवशी आणला. "आता गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांना लावा." बॅटरी रात्रभर बाहेरून चार्ज करून आणली होती. १२.६ आले. "आता चालू करा. दिवे लावा. किती?" मी पाहत होतो तर आकडा १२ च्या खाली उतरला आणि उतरतच राहिला. तो हसला. "चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे. बॅटरीचा काही दोष नाही, सर. डायनामो गेलाय."

आमच्याकडचे मेकॅनिक अजून 'डायनामो'च म्हणतात. खरा शब्द अल्टरनेटर. मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दाची उठाठेव केल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून वाचून काढलं. जुन्या गाड्यांत खरोखरच डायनामो असत. इंजिन सावकाश चालू असताना त्यांच्यातून पुरेशी वीज येत नसे. अल्टरनेटरमध्ये चुंबकाचं वेटोळं मधे फिरतं आणि बाहेरच्या स्थिर वेटोळ्यात वीज तयार होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच. ही वीज दिशा बदलत राहणारी असते आणि बॅटरीला एकाच दिशेची लागते. ते काम डायोड करतात. सिलिकॉनचे टिकाऊ डायोड स्वस्तात मिळू लागले तेव्हा हे यंत्र मोटारीत आलं. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत ते नेहमीचं केलं आणि मग जगभर डायनामो मागे पडला. नाव मात्र गॅरेजात राहिलं.

मला समजलं ते असं: बॅटरी म्हणजे घरातला पैशांचा डबा आणि अल्टरनेटर म्हणजे कमावता माणूस. कमाई थांबली तरी डबा चार दिवस घर चालवतो. मग डबा रिकामा होतो आणि लोक डब्यालाच नावं ठेवतात. आम्ही दोन डबे बदलले होते.

मी म्हटलं, "मग कुणाकडे नेऊ?" दोन ठिकाणी विचारून झालं होतं. एकाने जुनी गाडी म्हणून हात लावायला नकार दिला. दुसरा म्हणाला, "तिथे हात जात नाही, दोन दिवस ठेवावी लागेल," आणि वर जो आकडा सांगितला तो ऐकून मी पाणी प्यायलो. फोनवर क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "सर, रविवारी मी येतो. माझा हात चालत नाही, तोंड चालतंय. मी सांगतो, तुम्ही करा."

आता थोडं मागे जावं लागेल.

मी १९७२ साली बी.ए. झालो, दुष्काळाच्या वर्षी. मग बी.एड. केलं. बी.एड.ला कोठारी आयोगावर हमखास प्रश्न यायचा. १९६४ ते ६६ च्या त्या आयोगाने शिक्षणात कार्यानुभव असावा असं सांगितलं होतं. त्याच्याही आधी १९३७ मध्ये आपल्याच वर्ध्याला नई तालीमची परिषद झाली. हाताच्या कामातून शिक्षण, हा गांधीजींचा विचार. दोन्हींवर मी सुंदर उत्तरं लिहिली आणि चांगले गुण मिळवले. पुढे वाळूजला शिक्षक झालो. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असायचा. त्या तासाला मी मराठीचं व्याकरण घ्यायचो. समास, प्रयोग, वाक्प्रचार. हातावरचे वाक्प्रचार तर माझ्या विशेष आवडीचे: हात देणे, हात आखडणे, हात टेकणे. 'श्रमप्रतिष्ठा' हा निबंध मी दरवर्षी फळ्यावर मुद्दे काढून लिहून घ्यायचो.

त्याच काळात बाहेर गाव बदलत होतं. जानेवारी १९८४ मध्ये बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि ५ नोव्हेंबर १९८५ ला राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन झालं. जिथे ज्वारी बघितली होती तिथे शेड उभ्या राहिल्या. नगर रोडच्या कडेने चहाच्या, पंक्चरच्या, वेल्डिंगच्या टपऱ्या आल्या. बीड, परभणी, जालन्याकडची कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहायला आली. माझ्या वर्गात पस्तीसाची साठ पोरं झाली.

हा त्यातलाच एक. १९८९ मध्ये नववीत. दुपारच्या सुट्टीनंतर गायब व्हायचा आणि रस्त्यावरच्या एका गॅरेजात सापडायचा. मुख्याध्यापकांची लुना बंद पडली तेव्हा त्यानेच ती सुरू करून दिली होती, हे मला माहीत होतं. तरीही (की म्हणूनच?) एक दिवस मी त्याला वर्गासमोर उभं केलं. दोन्ही हात वर करायला लावले. नखांत काळं ग्रीस होतं. मी म्हणालो, "बघा रे. अभ्यास नाही केला तर जन्मभर हात असे काळे राहतात." वर्ग हसला. मीही हसलो असेन. तो कार्यानुभवाचाच तास होता.

पुढच्या सोमवारपासून तो शाळेत आला नाही. आला नाही याची मी नोंद केली, चौकशी केली नाही.

चौदा वर्षांनी ओम्नी घेऊन त्याच्या गॅरेजात गेलो तेव्हा मीच त्याला ओळखलं नाही. त्याने ओळखलं. "या सर." आणि पहिली गोष्ट काय केली, तर फडक्याला हात पुसले. पुढे वीस वर्षं मी गेलो की तो आधी हात पुसायचा. मला वाटायचं, काय नम्र मुलगा आहे! त्या हात पुसण्याचा दुसराही अर्थ असू शकतो, हे मला गेल्या वर्षी कळलं. तेही गाडीखाली झोपलेला असताना.

रविवारी तो रिक्षातून उतरला, दहावीतल्या मुलीच्या खांद्यावर हात टाकून. मुलीच्या हातात पुस्तक. खुर्ची गाडीच्या डाव्या दाराशी ठेवायला सांगितली. पहिला हुकूम सुटला, "बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा." मी विचारलं, चालू गाडीत वायर काढून बघतात ना, डायनामो चालतो का ते? तो म्हणाला, "जुन्या डायनामोला चालायचं. ह्याच्यात डायोड उडतात. कुणी तसं करायला लागला तर त्याला गाडी देऊ नका."

मग जॅक लावला. पुढची चाकं उचलली. मी खाली शिरणार तोच काठी जमिनीवर आपटली. "जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही!" त्याच्या बंद गॅरेजातून आणलेल्या दोन लोखंडी घोड्या दोन्ही बाजूंना लावून घेतल्या, मागच्या चाकांना दगड लावून घेतले, आणि गाडीला हलवून बघायला लावलं. शाळेत मी इतका कडक होतो का, आठवत नाही.

वरचं काम सोपं होतं. सीट उचलून झाकण काढलं. अल्टरनेटरच्या वरच्या कानाला एक वाकडी पट्टी असते, तिच्या खाचेत ताण देण्याचा बोल्ट. तो सैल केला, अल्टरनेटर आत ढकलला, पट्टा सुटला. हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे तो जुना झाला असेल तर याच वेळी बदलून टाकायचा. मग मागची जाड वायर आणि छोटा सॉकेट काढला. कुठली वायर कुठे होती याचा फोटो काढून ठेवला. हे त्याच्या मुलीने सुचवलं.

खालचे दोन बोल्ट मात्र खरी परीक्षा. पोतं अंथरून आडवा झालो. पुढचा बोल्ट चौदाच्या पान्याने निघाला. मागचा इंजिन आणि चासीच्या मधे. पाना घालायला जागा आहे, हात घालायला नाही. माझी बोटांची पेरं आता सुजलेली असतात. मनगट आत जाईना, गेलं तर वळेना. तासभर धडपडलो. डोळ्यांत माती पडली. चाळीस वर्षं शिकवलेला वाक्प्रचार प्रत्यक्षात आला: मी हात टेकले.

गाडीखालून मला फक्त पाय दिसत होते. त्याचा एक पाय सरळ, एक तिरका पडलेला. आणि मुलीचे पाय, जवळ आलेले. ती म्हणाली, "पप्पा, मी बघू का? माझा हात बारीक आहे."

"तू बस गं. पुस्तक वाच," तो म्हणाला. "हात काळे करू नको. अभ्यास कर."

नंतर कुणीच काही बोललं नाही. त्याला माझे शब्द आठवले होते की ते आता त्याचेच झाले होते, मला माहीत नाही. चेहरा दिसत नव्हता. पण शब्द माझे होते. छत्तीस वर्षांनी ते एका हुशार मुलीच्या वाट्याला आले होते, आणि ज्याला मी ते ऐकवले त्याच्याच तोंडून.

मी खालूनच म्हणालो, "येऊ दे तिला. माझा हात पोचत नाही. तिचा पोचेल."

थोड्या वेळाने काठी बाजूला झाली.

तिने वरून, सीटच्या फटीतून हात घातला. कोपरापर्यंत गेला. तो सांगत होता, "दिसणार नाही, बघू नको. डोळे मिट. बोटांनी बघ. सहा कडा लागल्या? आता त्याच्यावर गोटी बसव. दांडी मला दाखव. हां. झटका नको, वजन टाक." इतकं स्वच्छ शिकवणं मी माझ्या नोकरीत फार कमी ऐकलंय. एक करकर आवाज आला आणि बोल्ट सुटला. ती ओरडली, "निघाला!" आणि दोन्ही काळे हात वर करून बापाला दाखवले.

तो आपल्या डाव्या हाताने चष्मा पुसायला लागला.

सोमवारी ते धूड पिशवीत घालून मी मोंढा नाक्याला गेलो. नमुना सोबत नेल्याशिवाय हे काम होत नाही. कान तेवढ्याच अंतरावर हवेत, पुली तीच हवी, सॉकेट जुळायला हवा. कारागिराने जुना उघडून दाखवला. आत कार्बनचे दोन ब्रश असतात, फिरत्या वेटोळ्याला वीज पुरवणारे. खडू संपत आल्यावर बोटांत उरतो तेवढेच ते उरले होते. बेअरिंगही वाजत होतं. ब्रश बदलून चाललं असतं, पण त्याने दुरुस्त केलेला दुसरा दिला, आधी बाकावर फिरवून, मीटर लावून. गाडीची काही चूक नव्हती. सव्वीस-सत्तावीस वर्षांत झिजायचं ते झिजलं होतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मुलगी आली, बापाला घेऊन. बसवायला पाऊण तास लागला. या वेळी तिला कुणी पुस्तक वाच म्हणालं नाही. मीटर लावला. १४.१. दिवे लावून १३.८. लाल दिवा विझला. ही आतून चहा घेऊन आली आणि मुलीने फडक्याला हात पुसायला सुरुवात केली. मी म्हणालो, "राहू दे. कप धुता येतो."

त्याला रिक्षात बसवताना मी म्हणालो, "अरे, नववीत असताना मी तुला वर्गात..."

"सर, पट्टा नवीन आहे," तो म्हणाला. "दोन दिवसांत सैल पडतो. पुन्हा ताणून घ्या."

शुक्रवारी मी एकट्याने सीट उचलली आणि पट्टा ताणला. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर जेमतेम सेंटिमीटरभर दबायला हवा. मग फोन करून त्याला तसं सांगितलं. आणि फोन ठेवायच्या आत घाईघाईने बोलून टाकलं: १९८९ साली मी तुझे हात वर्गाला दाखवले. ते चुकलं. फार चुकलं.

तो बराच वेळ गप्प होता. मागे कुठेतरी त्याची मुलगी मोठ्याने कविता पाठ करत होती.

"सर," तो शेवटी म्हणाला, "जास्त ताणला नाही ना? जास्त ताणला की बेअरिंग जातं."

"नाही," मी म्हणालो. "बेताचाच ठेवलाय."

"मग झालं," तो म्हणाला.